हिमबिबट्याच्या मागे जाताना विरळ हवेचा त्रास कसा टाळाल

पुण्यातल्या वन्यजीव छायाचित्रकाराची वाट बहुतेक ठरलेली असते. आधी भिगवणचे फ्लेमिंगो, मग ताडोब्यातला वाघ, आणि हातात मोठी लेन्स आली की हिमबिबट्याची स्वप्नं पडायला लागतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तुमच्या-माझ्यासाठी शिकार उरली ती कॅमेऱ्याचीच. तिची रीत मात्र जुनीच आहे. माग काढायचा, दबा धरून तासन् तास बसायचं आणि इशारा मिळाला की उठून पळायचं. फक्त हे सगळं ४,००० मीटरवर, जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत करायचं असतं.

मी तीन हिवाळे या प्राण्याच्या मागे गेलो आहे, दोनदा हिमाचलातल्या स्पितीतल्या किब्बर गावाला आणि एकदा लडाखला. पहिल्या खेपेला माझा मावसभाऊ बरोबर होता. दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने पाऊण तासात सिंहगड चढणारा गडी. किब्बरच्या पहिल्याच रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. त्याचं डोकं सकाळपासून दुखत होतं, पण त्याच सकाळी बर्फात ताजे ठसे सापडले होते, म्हणून तो कुणाला काही बोलला नाही. त्या रात्री जे शिकलो ते नव्याने जाणाऱ्यांसाठी इथे लिहितो आहे. यातलं बरंचसं काम पुण्यात बसून, तिकिटं काढण्याच्या आधी करायचं आहे.

आधी शरीरात काय होतं ते समजून घ्या

हवेतला ऑक्सिजन सगळीकडे जवळपास २१ टक्केच असतो, वर गेल्यावर कमी होतो तो हवेचा दाब. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, इथे तो समुद्रसपाटीच्या ९४ टक्क्यांच्या आसपास असतो. लेह ३,५०० मीटरवर, तिथे साधारण ६५ टक्के. किब्बर ४,२०० मीटरच्या आसपास, तिथे ६० टक्के. म्हणजे एका श्वासात इथे जेवढा ऑक्सिजन मिळतो त्याच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी तिथे मिळतो.

शरीर मग जोरजोरात श्वास घ्यायला लागतं. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताची अल्कता वाढते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. हा लगाम झोपेत जास्त जाणवतो. तो सैल करायचं काम मूत्रपिंडांचं, आणि त्यांना त्यासाठी दोन-तीन दिवस लागतात. कितीही व्यायाम केला तरी मूत्रपिंडं घाई करत नाहीत. म्हणून सिंहगड किंवा वेताळ टेकडी रोज चढणाऱ्यालाही हा त्रास होतो आणि कधी गड न चढलेल्या आजोबांना होत नाही. सिंहगडाची उंची १,३१२ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर. तिथे पायांना आणि दमाला सराव होतो, तो जरूर करा. पण विरळ हवेची सवय सह्याद्रीत होत नाही. उलट, दमदार माणूस पहिल्याच दिवशी जास्त पळापळ करतो आणि आधी आडवा होतो.

पहिलं काम: दिवस मोजा, मग पैसे मोजा

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. झोपायची उंची महत्त्वाची. दिवसा थोडं वर जाऊन रात्री खाली आलात तर चालतं, किंबहुना ते चांगलंच.

हा नियम हातात घेऊन सहलीची पत्रिका तपासा. मला एकदा एका सहल कंपनीची पत्रिका आली होती. पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने आणि पायी चार हजार मीटरवरच्या गावात मुक्काम. सहा दिवसांत सगळं आटोपून पुण्यात परत. पैसे बरेच कमी होते. हे असले स्वस्त दिवस घेऊ नका. सुट्टी कमी असेल तर यंदा जाऊ नका, पुढच्या वर्षी दहा दिवस काढा. भारतातल्या पहिल्या देशव्यापी गणनेत ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला, त्यांतले ४७७ लडाखमध्ये आणि ५१ हिमाचलात. इतक्या थोड्या प्राण्यांतला एक दिसावा म्हणून तसंही तिथे मुक्काम लांबवावाच लागतो.

आता वाट कुठली घ्यायची?

नवख्याला मी स्पिती सांगतो, आणि तेही किन्नौरच्या बाजूने. हिवाळ्यात मनालीकडचा कुंझुम पास बर्फाने बंद असतो, त्यामुळे तशीही हीच वाट उरते. ही वाट आपोआप हळूहळू चढते. चंदीगडहून निघून पहिला मुक्काम नारकंड्याला, सुमारे २,७०० मीटर. दुसरा कल्पाला, २,९०० च्या पुढे. तिसरा ताबोला, ३,३०० च्या आसपास. मग काझा, साधारण ३,७००. काझात दोन रात्री काढायच्याच, कारण पुढे किब्बर एकदम पाचशेहून जास्त मीटर वर आहे. किब्बरला पोचल्यावरही पहिला दिवस गावातच. प्रवास कंटाळवाणा वाटतो, पाठ आंबते, पण या पाच-सहा दिवसांत मूत्रपिंडांचं काम होऊन जातं.

लडाखला विमानाने जाणाऱ्याने वेगळा विचार करायचा. लोहगावहून निघून दिल्लीत विमान बदललं की काही तासांत तुम्ही ५६० वरून ३,५०० मीटरवर. मधली एकही पायरी नाही. म्हणून लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस काढायचे, मी तीन रात्री धरतो. पहिला दिवस म्हणजे खोली, जेवण, झोप. मार्केटमध्ये चक्कर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्यानंतरच हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबकसारख्या गावाकडे निघायचं. खारदुंग ला ‘बघून येऊ’ असं कुणी म्हणालं तर पहिल्या दोन दिवसांत साफ नाही म्हणा. तो ५,३०० मीटरच्याही वर आहे.

आणखी एक फरक फार कुणी सांगत नाही. काझाहून त्रास झाला तर गाडीने ताबोपर्यंत उतरता येतं. त्यापुढे रस्ता नाकोपाशी पुन्हा चढतो, पण ताबोपर्यंतचा उतार बहुतेक वेळा पुरतो. लेहहून मात्र रस्त्याने फार खाली जायचं तर आधी उंच खिंडी ओलांडाव्या लागतात. तिथे सिंधूच्या खोऱ्यातून थोडंच उतरता येतं, नाहीतर मग विमानच.

दुसरं काम: डॉक्टरांकडे जा, निघायच्या महिनाभर आधी

फॅमिली डॉक्टरांना उंची, तारखा आणि मुक्काम लिहिलेला कागदच द्या. ‘हिमालयात चाललोय’ एवढ्यावरून त्यांना काही कळणार नाही. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर बघून घ्या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, झोपेत श्वास अडकणं, गरोदरपण, यातलं काही असेल तर त्या-त्या तज्ज्ञाला विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आधी कधी उंचीवर त्रास झाला असेल तर तो पहिल्या वाक्यात सांगा. पुढे त्रास होईल का याची तीच सगळ्यांत खात्रीची खूण आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तिथे मनाने बंद करायच्या नाहीत. निघायच्या आठवड्यात छातीत कफ किंवा ताप असेल तर तारीख पुढे ढकला. त्या अवस्थेत वर गेलं की फुप्फुसात पाणी साठायचा धोका वाढतो.

आता डायमॉक्स. तिचं औषधी नाव असेटाझोलामाइड. वर सांगितलेलं मूत्रपिंडांचं काम ही गोळी लवकर करवून घेते, म्हणून लघवीला जास्त होते. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, म्हणजे २५० च्या गोळीचा अर्धा तुकडा सकाळी आणि अर्धा दुपारनंतर. वर चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात आणि सर्वांत उंच मुक्कामी पोचल्यावर दोन दिवसांनी थांबवतात. विमानाने थेट लेहला जाणाऱ्याला डॉक्टर आणखी एक-दोन दिवस चालू ठेवायला सांगू शकतात. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल किंवा मूत्रपिंड-यकृताचा आजार असेल तर आधी सांगणं अत्यावश्यक.

माझं ऐका, डॉक्टरांनी हो म्हटलं की पुण्यातच एक-दोन दिवस घेऊन बघा. बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो. हे माहीत नसलं की किब्बरच्या अंधारात माणूस घाबरतो. दुसरा तुकडा चार-पाच वाजताच घ्या, म्हणजे रात्री उणे पंधरा-वीसमध्ये तीनदा बाहेर जावं लागत नाही.

डायमॉक्स घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत. ती गोळी दिवसांच्या जोडीला आहे.

कापराचं काय? आपल्याकडे प्रत्येक ट्रेकरच्या गळ्यात भीमसेनी कापराची पुरचुंडी असते. वास घेतल्याने नाक मोकळं वाटतं, तरतरी येते, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. जवळ ठेवायला हरकत नाही, त्याच्या भरवशावर राहायला आहे. आणि कापूर तोंडात कधीही टाकायचा नाही, तो विषारी आहे. ऑक्सिजनचे छोटे डबे मिळतात तेही काही मिनिटांचेच सोबती.

तिसरं काम: मुक्कामाच्या मालकाला फोन करा

आयोजकाशी बोलून झालं तरी स्वतः होमस्टेला फोन लावा आणि विचारा. मोठा ऑक्सिजन सिलिंडर आहे का, त्याचा मास्क आणि रेग्युलेटर चालू आहे का? रात्री गाडी आणि चालक गावात असतात का? थंडीत डिझेल गोठतं, मग गाडी रात्री दोनला सुरू होते का? हा शेवटचा प्रश्न मला मावसभावाच्या रात्रीने शिकवला. गाडी होती, पण सुरू व्हायला पाऊण तास लागला. तो अंगणात दोन रजया पांघरून बसला होता आणि आम्ही इंजिनाखाली निखाऱ्यांची घमेली धरून उभे होतो.

वर पोचल्यावर

सामान स्वतः उचलू नका. ६०० मिलिमीटरची लेन्स, ट्रायपॉड, बॅटऱ्या मिळून सहा-सात किलो सहज होतात. गावातला पोर्टर घ्या, त्याच्या रोजंदारीत घासाघीस करू नका. चालताना वेग इतका ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की थांबा.

आपल्या छंदातला खरा धोका दबा धरून बसल्यानंतरचा आहे. तीन तास कड्याच्या आडोशाला अंग आखडून बसलेले असता. मग वरच्या धारेवरून स्पॉटर, म्हणजे प्राणी हुडकून देणारा माणूस, हात हलवतो, आणि सगळे ट्रायपॉड खांद्यावर टाकून चढावर धावत सुटतात. मीही धावलो आहे. दीडशे पावलांवर डोळ्यांपुढे काजवे चमकले, छाती फुटेल असं वाटलं आणि वर पोचल्यावर हात इतके थरथरत होते की एकही चौकट स्थिर आली नाही. तिथला स्पॉटर मला शांतपणे म्हणाला, ‘सर, वो सोया है। आप आराम से आओ।’ हिमबिबट्या दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो. वीस पावलं, थांबा, पाच श्वास, पुन्हा वीस पावलं. असे पोचलेले लोक बरे फोटो काढतात.

जेवण. वर भूक मरते, म्हणून आवडीचं बरोबर न्या. मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली मी कधी विसरत नाही. मऊ भात तिथे कुठेही मिळतो, आणि मळमळत असताना पोटात टिकतो तो मेतकूट-भातच. चिक्की आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात ती दगड होते. मांसाहाराचं ताट पहिले दोन दिवस बाजूला ठेवा, भात-भाकरी-बटाटा पचायला हलका. दारू पहिल्या दिवसांत अजिबात नाही, झोपेची गोळी मनाने घ्यायची नाही, दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

पाणी तहानेपेक्षा थोडं जास्त, लघवी फिकट पिवळी राहील इतकं. दिवसाला सहा लिटर ढोसण्याचा सल्ला ऐकू नका, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकं उलट जास्त दुखतं. बायका बाहेरच्या थंडगार संडासाच्या भीतीने पाणीच पीत नाहीत, हे मी प्रत्येक गटात पाहिलं आहे. म्हणून खोलीजवळ संडास आहे का हे बुकिंग करतानाच विचारावं, यात संकोच कसला?

रात्री शेजारचा माणूस भराभर श्वास घेतो, मग दहा सेकंद श्वासच थांबतो, मग एकदम दचकून हुंदका दिल्यासारखा सुरू होतो. पहिल्यांदा ऐकलं की पोटात गोळा येतो. उंचीवर हे बहुतेकांना होतं आणि एवढ्यावरून काळजीचं कारण नाही.

बुखारीची, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीची, काळजी मात्र घ्या. बंद खोलीत लाकूड, कोळसा किंवा गॅस जळत राहिला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याचा त्रासही डोकेदुखी-मळमळ असाच असतो. एका खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर मोकळ्यावर बरं वाटलं, तर दोष उंचीचा नसून त्या धुराचा असण्याची शक्यता मोठी. खिडकीला बोटभर फट ठेवा, झोपण्यापूर्वी आग विझवा.

रोज संध्याकाळी विचारायचे प्रश्न

आमच्या गटात आता जेवणाआधी प्रत्येकाने उत्तर द्यायचं असतं. डोकं दुखतंय का? मळमळ किंवा भूक मेली आहे का? नेहमीपेक्षा जास्त गळून गेल्यासारखं वाटतंय का? चक्कर येते का? डोकेदुखी आणि बाकीच्यांपैकी एक जरी ‘हो’ असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते उंचीचंच दुखणं समजायचं. त्याची सुरुवात बहुतेकदा पोचल्यावर सहा ते बारा तासांत होते. उत्तर खरं यावं म्हणून आम्ही एक बोली केली आहे. एकाला खाली न्यावं लागलं तर बरोबर जाणाऱ्याचे पुढचे दिवस सगळे मिळून भरून देतात. माणूस ‘माझ्यामुळे सगळ्यांची सहल बुडेल’ म्हणून गप्प बसतो, तिकडे उपाय हवा.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण त्याचा आकडा एकटा पुरेसा नाही. गारठलेल्या बोटावर तो चुकीचं दाखवतो. हात गरम करून, पाच मिनिटं बसून मग लावा. लेहला ऐंशीच्या घरातला आकडा धडधाकट माणसाचाही असतो. आकडा बरा दिसतो पण माणूस आजारी दिसतो, तर माणसावर विश्वास ठेवा.

नुसतं सौम्य दुखणं असेल तर वर चढणं बंद. तिथेच विश्रांती, डोकेदुखीला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं औषध. एका दिवसात उतार पडला नाही किंवा वाढलं, तर खाली.

पुढच्या दोन गोष्टी दिसल्या की मात्र सकाळची वाट बघायची नाही.

एक, मेंदूची सूज. माणूस गोंधळतो, बरळतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. त्याला सतरंजीच्या काठावरून एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत सरळ चालायला सांगा. तोल गेला तर लगेच उतरवा. ‘थकलाय, झोपू द्या’ म्हणून झोपवलेला माणूस सकाळी उठेलच असं नाही.

दोन, फुप्फुसात पाणी. बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, पुढे फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, ओठ निळसर. हे बहुधा दुसऱ्या रात्रीपासून दिसतं आणि आधी डोकं दुखलेलंच असेल असं नाही. शेजाऱ्यापेक्षा एखादा फारच मागे पडू लागला, तर त्याच्या श्वासाकडे लक्ष द्या.

दोन्हींत ऑक्सिजन लावायचा आणि किमान ३०० ते १,००० मीटर, किंवा बरं वाटेपर्यंत, खाली न्यायचं. शक्यतो गाडीने नाहीतर उचलून, कारण चालण्याच्या श्रमाने फुप्फुसाचं दुखणं वाढतं. बरोबर एक शुद्धीवरचा, धडधाकट माणूस हवाच. डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही औषधं डॉक्टरांनी पुण्यातून लिहून, मात्रा समजावून दिली असतील तर द्यावीत, पण ती खाली उतरायला वेळ मिळवून देणारी आहेत, वर चढत राहण्यासाठी नाहीत. काझाला सरकारी रुग्णालय आहे, लेहच्या सोनम नोर्बू स्मारक रुग्णालयात तर अशा रुग्णांवर कायमच उपचार होतात. तिथले नंबर मोबाइलबरोबर कागदावरही लिहून खिशात ठेवा. किब्बरच्या थंडीत मोबाइलची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते.

मेंदूचा किंवा फुप्फुसाचा त्रास झालेल्याने त्या सहलीत पुन्हा वर जायचं नाही. साधी डोकेदुखी-उलटी असेल, आणि खाली आल्यावर गोळीशिवाय पूर्ण बरं वाटलं, तर हळू परत चढता येतं.

मावसभाऊ त्या रात्री काझाला उतरला. सकाळी त्याने दोन वाट्या दाल-चावल खाल्ला, पण आम्ही त्याला आणखी एक रात्र खालीच ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो किब्बरला आला, गाडीतून उतरून सरळ खोलीत जाऊन पडला. ट्रायपॉड त्याने चौथ्या दिवशी उघडला.